रामशास्त्र्यांचें प्रायश्चित्त आणि कायद्याचें राज्य

रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याचा प्रसंग महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? ग्रँट डफ यानें १८२६ सालीं आपल्या इतिहासांत तो दिला. १९४४ सालीं 'प्रभात'च्या बोलपटानें तो घरोघर पोंचविला. आणि आम्हींहि वर्गांत तो अनेक वर्षें सद्गदित होऊन सांगितला. परंतु याच प्रसंगावरून 'कायद्याचें राज्य पेशवाईंतच नांदत होतें' असें जें अनुमान वारंवार काढण्यांत येतें, तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. शास्त्रीबोवांच्या योग्यतेविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो अनुमानाविषयीं.

प्रथम शब्दाकडे पाहूं. दण्ड आणि प्रायश्चित्त या दोन भिन्न वस्तु आहेत. दण्ड राजसत्ता करते व तो अपराध्याच्या इच्छेवर अवलंबून नसतो. प्रायश्चित्त धर्मज्ञ सांगतात आणि पातकी स्वतः घेतो. न घेतल्यास त्याची अधोगति होईल. पण प्यादे त्याच्या दारीं येणार नाहींत. साध्या मनुष्यास जेथें एक कार्षापण दण्ड, तेथें राजास सहस्र, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे खरें. परंतु तो वसूल कोणीं करावा? टीकाकार म्हणतात, राजानें तें द्रव्य पाण्यांत टाकावें किंवा ब्राह्मणांस द्यावें. म्हणजे राजा दण्ड्य, आणि दण्ड देणाराहि तोच! धर्म राजाहून श्रेष्ठ मानिला गेला, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र त्या श्रेष्ठत्वास हात आणि पाय दिले गेले नाहींत.

पुढील इतिहास हेंच दाखवितो. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावांचा वध झाला. दोषी ठरलेले दादासाहेब गादीवर राहिले, आणि निर्णय देणाऱ्या शास्त्र्यांस पुणें सोडावें लागलें. दादासाहेबांचें पद गेलें तें बारभाईंच्या कारस्थानानें. १७७५ सालीं त्यांनीं सुरतेस इंग्रजांशीं तह केला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्यांस नेमणूक मिळाली. खुनाच्या आरोपाचा शेवट निवाडपत्रानें झाला नाहीं. तो तहाच्या कलमांनीं झाला.

येथें कोणी विचारील कीं, आजच्या प्रजासत्ताकांत तरी निराळें काय घडतें? प्रश्न रास्त आहे. ता. २८ एप्रिल १९७६ रोजीं, आणीबाणीच्या काळांत, सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं जबलपूर खटल्यांत स्थानबद्धांस न्यायालयाचें दार बंद केलें. एकटे न्यायमूर्ति खन्ना विरुद्ध गेले. जानेवारी १९७७ मध्यें त्यांस डावलून कनिष्ठास सरन्यायाधीश नेमण्यांत आलें, आणि त्यांनीं राजीनामा दिला. रामशास्त्र्यांच्या प्रस्थानाशीं याचें साम्य उघड आहे.

परंतु भेद त्याहून महत्त्वाचा आहे. खन्नांचें भिन्नमत न्यायालयाच्या दप्तरांत राहिलें. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणींतहि स्थगित करतां येणार नाहीं असें ठरलें. आणि २०१७ सालीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठासमोरील खटल्यांत तो जुना निर्णय स्पष्टपणें रद्द ठरविण्यांत आला. चूक सुधारण्याचा मार्ग व्यवस्थेंतच होता. उशीर मात्र तीन तपांहून अधिक झाला, हें लपवून चालणार नाहीं. निर्भय न्यायाधीश दोन्ही काळांत निपजले. कायद्याचें राज्य म्हणजे त्यांच्या निर्भयतेचें स्मारक नव्हे. त्यांचा शब्द सत्ताधीशावर चालावा, आणि तो उच्चारल्याबद्दल त्यांस घर सोडावें लागूं नये, अशी तजवीज होय.

पेशवाईंत या तजविजीचें बीज शोधावयाचें असेल, तर तें या एका आख्यायिकेंत शोधूं नये. गोतसभांचे महजर आणि निवाडपत्रें पाहावीं. सामान्य रयतेनें वतनदाराविरुद्ध वा सरकाराविरुद्ध मागितलेला न्याय कितीदां मिळाला व अमलांत आला, तें मोजावें. तें काम कष्टाचें आहे, त्यांत टाळ्या नाहींत. पण रामशास्त्र्यांसारख्या पुरुषास तेंच आवडलें असतें, असें आम्हांस वाटतें.