शेजाराचा प्रश्न : 'अ रेझिन इन द सन' या नाटकातील शिकागो शहर आणि सभ्य वर्णभेद

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. मराठी विचारविश्व आणि अमेरिकेतील वंशप्रश्न यांचे नाते तेव्हापासूनचे आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ साली 'ब्लॅक पँथर'च्या प्रेरणेने मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली आणि पुढे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथातून मराठी अभ्यासकांना या साहित्याचे दालन खुले करून दिले. असे असले तरी आपल्याकडे या साहित्याचा विचार प्रामुख्याने गुलामगिरी, मळे, चाबूक आणि विद्रोह यांच्या अंगाने झाला. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर उत्तरेकडील मोठ्या शहरात, भाड्याच्या खोलीत आणि घरखरेदीच्या करारात वर्णभेदाने कोणते रूप धारण केले, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले.

लॉरेन हॅन्सबेरी (१९३०-१९६५) यांचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक नेमका हाच प्रश्न हाताळते. ११ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचा पहिला प्रयोग झाला. ब्रॉडवेवर नाटक सादर झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री नाटककार होत. लॉइड रिचर्ड्स यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकाचे पाचशेहून अधिक प्रयोग झाले आणि न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षक मंडळाचा पुरस्कारही त्याला मिळाला. या नाटकाकडे सामान्यतः 'एका गरीब कुटुंबाच्या स्वाभिमानाची कथा' म्हणून पाहिले जाते. हे वाचन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पूर्वग्रह हा मनाचा दोष असण्यापेक्षा शहराची व्यवस्था कसा बनतो, हे दाखविणे ही या नाटकाची खरी कामगिरी होय.

नाटकामागील शहर

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतरित झाले. शिकागोत १९१० साली कृष्णवर्णीयांची संख्या सुमारे ४४ हजार होती. १९६० साली ती ८ लाखांच्या वर गेली. माणसे वाढली, मात्र त्यांना राहण्यासाठी मोकळी असलेली जागा त्या प्रमाणात वाढली नाही. दक्षिण शिकागोच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात त्यांना कोंबण्यात आले. १९१९ साली मिशिगन सरोवरात पोहताना अदृश्य वर्णरेषा ओलांडणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाचा गौरवर्णीयांच्या दगडफेकीत बुडून मृत्यू झाला आणि त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मारली गेली.

दंगल थांबली, पण रेषा राहिली. तिचे रक्षण आता कागदपत्रांनी केले. घरमालक आपसांत करार करीत आणि आपले घर कृष्णवर्णीयास विकणार नाही वा भाड्याने देणार नाही, असे लिहून देत. १९३४ नंतर गृहकर्जांना विम्याचे संरक्षण देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेनेही मिश्र वस्ती जोखमीची ठरवली. परिणामी कृष्णवर्णीयास चांगल्या वस्तीत घर मिळेना आणि आपल्या वस्तीत घेण्यासाठी कर्ज मिळेना. जागा थोडी आणि गरजू फार, त्यामुळे एकेका घराचे तुकडे करून त्यांच्या लहान खोल्या चढ्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या.

हा इतिहास हॅन्सबेरी यांच्या घरचाच आहे. त्यांचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ साली अशा करारबद्ध वस्तीत घर घेतले. तेथे जमावाने त्या घरावर हल्ला केला. भिरकावलेल्या दगडातून लहानगी लॉरेन थोडक्यात बचावली. हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४० साली निकाल हॅन्सबेरी यांच्या बाजूने लागला. परंतु तो निकाल प्रक्रियेच्या मुद्द्यावर होता. करार मुळातच अन्याय्य आहेत, असे न्यायालयाने म्हटले नाही. न्यायालये अशा करारांची अंमलबजावणी करू शकत नाहीत, हे ठरण्यास १९४८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत कार्ल हॅन्सबेरी हयात नव्हते. देश सोडण्याच्या तयारीत असताना १९४६ साली मेक्सिकोत त्यांचे निधन झाले होते. खटला जिंकलेल्या माणसाला देश सोडून जावेसे वाटावे, ही वस्तुस्थिती नाटक वाचताना विसरता येत नाही.

लिंडनर : पूर्वग्रहाची सभ्य भाषा

नाटकातील यंगर कुटुंब दक्षिण शिकागोतील अशाच एका कोंदट घरात राहते. आई लीना, मुलगा वॉल्टर, सून रूथ, मुलगी बेनीथा आणि बाहेरच्या खोलीतील कोचावर झोपणारा नातू ट्रॅव्हिस अशी ही पाच माणसे. न्हाणीघर शेजाऱ्यांसह सामाईक. स्वयंपाकघराच्या एकुलत्या एका खिडकीत लीनाने जपलेले खुरटे रोप. वडिलांच्या मृत्यूनंतर विम्याचे दहा हजार डॉलर येतात. त्यांपैकी साडेतीन हजार भरून लीना क्लायबोर्न पार्क या गौरवर्णीयांच्या वस्तीत घर ठरवते. तिच्या या निर्णयामागे कोणतीही चळवळ नाही. कृष्णवर्णीयांसाठी म्हणून शहराबाहेर बांधलेली घरे दुप्पट महाग आहेत. कमी पैशांत चांगले घर जेथे मिळाले तेथे तिने घेतले. वर्णभेदामुळे गरिबालाच अधिक किंमत मोजावी लागते, हे अर्थशास्त्र नाटककार एका गृहिणीच्या साध्या हिशोबातून सांगते.

यानंतर कार्ल लिंडनर रंगमंचावर येतो. संपूर्ण नाटकात कथानकाच्या दृष्टीने महत्त्वाचे गौरवर्णीय पात्र हे एकच. वस्ती सुधार संघाचा हा प्रतिनिधी शिवीगाळ करीत नाही, धमकी देत नाही. तो संकोचलेला आहे, नम्र आहे. माणसांनी एकमेकांशी बसून बोलावे, असे तो म्हणतो. आपल्या वस्तीतील लोक श्रीमंत नाहीत, कष्टाने घरे उभी केलेले आहेत, हेही तो सांगतो. यात वर्णद्वेष मुळीच नाही, समान पार्श्वभूमीची माणसे एकत्र सुखी राहतात एवढेच आपले मत आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. अखेरीस तो घर अधिक किमतीत परत विकत घेण्याचा प्रस्ताव मांडतो.

हे पात्र खलनायक म्हणून रंगविले असते तर प्रेक्षक त्याच्यापासून सहज सुटला असता. पांढरे अंगरखे घालून क्रॉस जाळणाऱ्यांशी स्वतःचे नाते कोणी मान्य करीत नाही. लिंडनरच्या बाबतीत तशी सुटका नाही, कारण तो बोलतो ती भाषा शेजारधर्माची, शांततेची आणि परस्परहिताची आहे. तो स्वतःशी प्रामाणिकही आहे; आपण पूर्वग्रहदूषित आहोत असे त्याला खरोखरच वाटत नाही. मात्र त्याच्या नम्रतेमागे काय उभे आहे, हे त्या काळच्या प्रेक्षकास ठाऊक होते. १९५१ साली शिकागोलगतच्या सिसेरो येथे एक कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास येताच हजारोंच्या जमावाने ती इमारत उद्ध्वस्त केली होती. लिंडनर जेव्हा काळजीच्या स्वरात अप्रिय घटनांचा उल्लेख करतो, तेव्हा त्या काळजीतच धमकी दडलेली असते. जमाव आणि संघ हे एकाच व्यवस्थेचे दोन हात आहेत. एकाला दगड उचलावा लागू नये म्हणून दुसरा धनादेश पुढे करतो.

घरातील पूर्वग्रह

नाटककार हा प्रश्न केवळ गोरे विरुद्ध काळे एवढ्यावर सोडत नाही, हे या कलाकृतीचे सामर्थ्य होय. शिक्षणाच्या आणि संपत्तीच्या बळावर वर गेलेला जॉर्ज मर्चिसन आफ्रिकी वारशाची टिंगल करतो आणि वॉल्टरसारख्या मोटारचालकाला तुच्छ लेखतो. आपल्या मुळांचा शोध घेणाऱ्या बेनीथालाही आफ्रिकेविषयी जे ठाऊक आहे ते ऐकीव आहे. नायजेरियातून शिकावयास आलेल्या असागाईच्या सहवासात तिला त्याची जाणीव होते. लीनाचे आफ्रिकाविषयक ज्ञान तर चर्चमधील वर्गणीपुरते मर्यादित आहे. वर्चस्वाखाली जगणारा समाज वर्चस्वाची मूल्ये कळत नकळत कशी स्वीकारतो, याचे हे चित्रण दलित साहित्याच्या वाचकास अपरिचित वाटणार नाही.

वॉल्टर उरलेले साडेसहा हजार डॉलर दारूच्या दुकानाच्या भागीदारीत गमावतो. त्याचा विश्वासघात करणारा विली हा त्याच्याच वर्णाचा मित्र आहे. खचलेला वॉल्टर लिंडनरला बोलावून पैसे घेण्याचे ठरवतो, त्यासाठी गुडघे टेकून लाचारीची तालीमही करतो. प्रत्यक्ष क्षणी मात्र, मुलासमोर उभा असताना, तो नकार देतो. हे घर आपल्या वडिलांनी कष्टाने कमावले आहे आणि आम्ही तेथे राहावयास जाणार आहोत, असे तो सांगतो.

मर्यादा आणि मतभेद

या शेवटावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला जुना आहे. गौरवर्णीयांच्या वस्तीत घर घेणे ही मध्यमवर्गीय आकांक्षा असून हे नाटक क्रांतीचे नव्हे, समावेशाचे आहे, अशी टीका जहाल पिढीने केली. अमिरी बराका त्यांत होते. मात्र १९८०च्या दशकात त्यांनी आपले मत जाहीरपणे बदलले आणि सामान्य कृष्णवर्णीयांची खरी आकांक्षा या नाटकाने ओळखली होती, हे मान्य केले. हा आक्षेप आज टिकत नाही. घर हवे असणे ही चैन आहे, असे ज्याला घर सहज मिळते तोच म्हणू शकतो.

दुसरा आक्षेप प्रस्तुत अभ्यासकास अधिक महत्त्वाचा वाटतो. घर ठरवते लीना. त्या घरासाठी सर्वांत व्याकूळ असते रूथ. तरीही शेवटचा निर्णय वॉल्टरच्या हाती सोपविला जातो आणि तो क्षण त्याच्या पुरुषत्वाच्या प्राप्तीचा म्हणून साजरा होतो. वर्णव्यवस्थेने हिरावलेला सन्मान कुटुंबातील पुरुषाला परत देताना स्त्रियांचे कर्तृत्व पार्श्वभूमीला जाते. रूथच्या नको असलेल्या गर्भारपणाचा प्रश्नही घराच्या आनंदात विरघळून जातो. नाटककाराने उभे केलेले प्रश्न येथे नाटकाच्या रचनेपेक्षा मोठे ठरतात.

शेवट सुखान्त आहे हा समजही तपासून पाहावा लागतो. नाटक घर सोडण्यापाशी थांबते; नव्या घराच्या दारापर्यंत ते जातच नाही. लीना खुरटे रोप उचलते आणि पडदा पडतो. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे हॅन्सबेरी यांनी बालपणी अनुभवले होते. १९६६ साली शिकागोत घरांच्या समान हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनाही दगड लागला. घरांच्या व्यवहारातील भेदभावास बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला तो १९६८ साली, किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या आठवड्याभरात. तो पाहण्यास हॅन्सबेरी उरल्या नव्हत्या. वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

मराठी वाचकाचे स्थान

हे नाटक वर्गात शिकविताना एक अनुभव वारंवार येतो. लिंडनरचे बोलणे ऐकून विद्यार्थी प्रथम हसतात. मग ग्रामीण भागातून शहरात शिकावयास आलेला एखादा विद्यार्थी सांगतो की खोली पाहावयास गेल्यावर भाड्याच्या आधी आडनाव विचारले गेले आणि आडनाव सांगताच खोली 'कालच दिली' असे उत्तर मिळाले. त्यानंतर वर्गात कोणी हसत नाही.

वंश आणि जात यांना एकच मानणे शास्त्रीय ठरणार नाही. तुलनेतून एक भेद मात्र स्पष्ट होतो. लिंडनरला यंगर कुटुंबाला काही विचारावे लागत नाही, त्याला दिसते. आपल्याकडे दिसत नाही, म्हणून विचारावे लागते. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतील रेल्वेत नोकरीस लागलेला तरुण जातीचा प्रश्न टाळून परक्या गावी आसरा मिळवतो आणि जात उघड होताच मार खातो. वॉल्टरला त्वचा लपविता येत नाही, तर बागूलांच्या नायकाला लपविता येते. म्हणूनच सतत उघडे पडण्याची भीती त्याच्या वाट्याला येते. दोघांनाही शहराने मोकळेपणाचे आश्वासन दिले होते आणि दोघांच्याही बाबतीत ते घराच्या उंबरठ्यावर मोडले.

कायद्याच्या पातळीवरील तुलना अधिक अस्वस्थ करणारी आहे. शिकागोतील करारांच्या मागून न्यायसंस्थेने १९४८ साली आपले बळ काढून घेतले. आपल्याकडे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद येथील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सदस्यत्व केवळ पारशी समाजापुरते मर्यादित ठेवणारा नियम वैध ठरविला. एका लहान अल्पसंख्य समाजाने आपले सामूहिक जीवन जपणे आणि बलाढ्य बहुसंख्याकांनी इतरांना दाराबाहेर ठेवणे यांत फरक आहे, हे मान्यच करावे लागेल. तथापि संघटनास्वातंत्र्याचे हेच तत्त्व बहुसंख्याकांच्या हाती गेले, तर 'समान पार्श्वभूमीची माणसे एकत्र सुखी राहतात' हे लिंडनरचे वाक्य उपविधीच्या भाषेत लिहिणे कठीण राहत नाही.

समारोप

'अ रेझिन इन द सन' हे नाटक द्वेषाचे नव्हे, सभ्यतेचे परीक्षण करते. जो पूर्वग्रह स्वतःला पूर्वग्रह म्हणवून घेत नाही, जो वस्तीच्या हिताची भाषा बोलतो आणि ज्याच्यामागे करार, कर्ज आणि जमाव यांचे बळ असते, त्याचे इतके नेमके चित्र विसाव्या शतकाच्या नाट्यवाङ्मयात क्वचितच सापडते. स्त्रीपात्रांच्या बाबतीतील मर्यादा मान्य करूनही त्याचे महत्त्व उणावत नाही. जोतीरावांनी दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना आपला ग्रंथ अर्पण केला, त्यामागे या देशातील माणसांनी तो धडा गिरवावा ही आशा होती. खोली पाहावयास आलेल्या तरुणाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, यावर त्या आशेचे आजचे उत्तर अवलंबून आहे.