जीभ आवळणारी वाइन

सहा रसांच्या यादीत तुरट शेवटी येतो. ताटात त्याला वेगळी वाटी नसते. आवळा, जांभूळ, सुपारी यांच्या आडून तो येतो, जीभ आवळतो आणि निघून जातो. एखाद्या पेयाची सगळी थोरवी याच रसावर उभी असेल, असं सहसा कुणाला वाटणार नाही. पण वायव्य इटलीतल्या पिएमॉन्ते प्रांतात, आल्बा गावाच्या अवतीभवती पसरलेल्या लांगे टेकड्यांमध्ये नेब्बिओलो नावाची द्राक्षाची जात आहे. तिच्यापासून होणाऱ्या बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही वाइन अशा तुरटपणावर उभ्या आहेत. त्यांचा सुगंध, त्यांचं वय, त्यांच्यापायी घराघरांत झालेली भांडणं, त्यांच्यासोबतचं जेवण, यांतलं काहीही उलगडायला घ्या, माग शेवटी त्या आवळलेल्या जिभेपाशीच पोचतो.

पेल्यातली बारोलो आधी डोळ्यांना चकवते. इतकं नाव ऐकलेलं असतं की गडद, पेल्यापलीकडचं काही दिसू न देणारी वाइन असेल अशी अपेक्षा असते. समोर येतो तो फिकट लाल, कडेला विटकरी झाक असलेला रंग. या द्राक्षाच्या सालीतलं रंगद्रव्य फारसं टिकाऊ नाही, हवेशी गाठ पडली की लवकर उतरतं. म्हणून चार-पाच वर्षांची बारोलोही वयस्कर दिसते. मग नाक पुढे करावं. सुकत आलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, आंबट चेरी, ज्येष्ठमध आणि त्यांच्या खाली डांबराचा वास. गुलाब आणि डांबर ही जोडी बारोलोवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने वापरून गुळगुळीत केली आहे, तरी टाळता येत नाही, कारण ती खरी आहे. एवढा हळवा सुगंध घेऊन घोट घ्यावा, तर दात आणि हिरड्या एकदम कोरड्या पडतात. साली-बियांतून आलेलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं, तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा हरवतो. त्याच वेळी आंबटपणा बाजूने लाळ सुटायला लावत असतो. ही ओढाताण हीच नेब्बिओलोची चव. ज्याला ती त्रासाची वाटते त्याने दुसरी बाटली घ्यावी, त्यात कमीपणा काहीच नाही.

या तुरटपणाचं मूळ वेलीच्या वेळापत्रकात आहे. नेब्बिओलो वसंतात लवकर फुटते आणि शरदात सगळ्यांच्या शेवटी पिकते. ऑक्टोबरात, दरीत धुकं साठू लागतं तेव्हा तिची तोडणी. (त्याच सुमाराला नाशिककडे गोडी छाटणीची धांदल असते आणि वाइनची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. तिकडचा हंगाम संपतो तेव्हा आपला सुरू होतो.) एवढ्या लांब मुक्कामात साखर भरते, सुगंध भरतो, पण उतार चुकीचा निवडला तर टॅनिन कच्चंच राहतं. म्हणून नेब्बिओलो कुठेही लावत नाहीत. टेकडीचा दक्षिणेकडचा पोट-उतार, जिथला बर्फ आधी वितळतो, तो तिचा. त्याला तिथले लोक ‘सोरी’ म्हणतात. थंड उतार दोल्चेत्तो या द्राक्षाला, बाकीचे बार्बेरा या आणखी एका जातीला, तळाशी हेझलनट. गावाकडे नुसतं पाहिलं तरी कुठल्या जमिनीची काय पत आहे ते कळतं. या जातीचा हट्टीपणा असा की जगभर लावून पाहिली तरी पिएमॉन्ते आणि आल्प्सच्या पायथ्याची वाल्तेल्लिना दरी सोडून ती क्वचितच नीट बोलते. अकलूजच्या बागांत सांजोवेझे ही तोस्कानाची जात रुजली आहे. नेब्बिओलोला मात्र तसं रुजवणं मला कठीण वाटतं. तिला हवा असलेला लांबट, गारठत जाणारा शरद तिथे आणायचा कुठून?

एकोणिसाव्या शतकापर्यंत इथली वाइन बहुधा अर्धवट गोड असायची. उशिरा तोडलेली द्राक्षं आंबायला ठेवली की तळघरं गारठायची, आंबण थांबायचं आणि साखर शिल्लक राहायची. त्या गोडव्याखाली तुरटपणा झाकला जायचा. पूर्ण आंबलेली, कोरडी बारोलो घडवण्याचं श्रेय बारोलोच्या सरदारीण जूलिएत कोलबेर आणि ग्रिंझानेचे नगराध्यक्ष राहिलेले, पुढे इटलीच्या एकीकरणाचे शिल्पकार ठरलेले कावूर यांना देतात. लुई उदार नावाच्या फ्रेंच माणसाने त्यांना हे शिकवलं ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. अलीकडच्या अभ्यासकांनी ती उचकटून पाओलो फ्रांचेस्को स्ताल्येनो या इटालियन जाणकाराला पुढे आणलं आहे. सरदारीणबाईंनी राजाला उपवासाचे चाळीस दिवस वगळून वर्षाच्या दर दिवसामागे एक अशी सव्वातीनशे पिंपं धाडली, असंही सांगतात. कथा म्हणून ती छान आहे.

आता मातीकडे येऊ. लांगेच्या टेकड्या म्हणजे उचललेला समुद्रतळ. बारोलोच्या प्रदेशात 11 गावं येतात. त्यांपैकी पश्चिमेकडच्या ला मोर्रा आणि बारोलो गावांत निळसर, भुसभुशीत चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. पूर्वेकडच्या सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेची जमीन त्याहून जुनी, वाळू आणि चुन्याचे घट्ट थर असलेली. द्राक्ष एकच, हवामान जवळपास तेच, मधलं अंतर काही किलोमीटर. पण ला मोर्राची वाइन सुगंध आधी देते आणि टॅनिन मागून, बारीक, मऊसर. सेर्रालुंगाची वाइन दार लावून बसते. तिचा तुरटपणा जिभेच्या मधोमध उभा राहतो आणि त्याला हलायला दहा-पंधरा वर्षं लागतात. दोन्ही जमिनी एकमेकींना भिडतात तो कान्नूबी नावाचा लांबट डोंगरकणा; तिथल्या वाइनमध्ये दोन्ही स्वभाव एकत्र येतात असं म्हणतात आणि तिथल्या जमिनीचे भाव ऐकून त्यावर विश्वास बसतो. 1970च्या दशकात वाइन उत्पादक रेनातो रात्ती यांनी या बागांचा नकाशा काढला. 2010 पासून बारोलोच्या बागांची नावं अधिकृत झाली, ती गावांसकट 181 भरली. ही यादी मला लांबलेली वाटते. प्रत्येक उतार बोलतो हे खरं, पण प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काही असतंच असं नाही.

मातीचा फरक चाखायचा तर मी बारोलोऐवजी शेजारच्या बार्बारेस्कोकडे बोट दाखवीन. तिथे दोमित्सिओ कावात्सा यांनी 1894 मध्ये बागायतदारांची सहकारी संस्था काढली होती. ती फॅसिस्ट काळात बंद पडली. 1958 मध्ये गावचे पाद्री दोन फिओरिनो मारेंगो यांनी 19 शेतकऱ्यांना गोळा करून ती पुन्हा उभी केली. नाव साधंच, प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को, म्हणजे बार्बारेस्कोचे उत्पादक. त्या काळचा लांगे आजच्यासारखा गर्भश्रीमंत नव्हता. आल्बाचे बेप्पे फेनोल्यो यांची ‘ला मालोरा’ ही 1954 ची कादंबरी या टेकड्यांतल्या दारिद्र्याचीच आहे, आणि पोरं शेती सोडून आल्बातल्या फेर्रेरोच्या चॉकलेट कारखान्यात जात होती. आपल्याकडचे साखर कारखाने पाहिलेल्या वाचकाला सहकाराची ही गोष्ट निराळी सांगायला नको. निराळं आहे ते संस्थेचं आजचं काम. पन्नासेक कुटुंबांची फक्त नेब्बिओलो द्राक्षं, आणि चांगल्या हंगामात नऊ बागांच्या नऊ वेगवेगळ्या बाटल्या. सगळ्या एकाच पद्धतीने आंबवलेल्या, एकाच तऱ्हेच्या मोठ्या लाकडी पिंपांत मुरवलेल्या. हात तेच, त्यामुळे जो फरक उरतो तो जमिनीचा. आझीली घ्या: गुलाब ठळक, टॅनिन रेशमी, घोट संपल्यावरच कळतं की जीभ आवळली गेली आहे. शेजारी मोंतेस्तेफानो ठेवा: पहिल्याच घोटाला अडवणारी, बार्बारेस्कोतली बारोलो म्हणून ओळखली जाणारी. पोरा सैलावलेली, मोंतेफीको ताठ. या चौघी एका टेबलावर ठेवून चाखल्या की तुरटपणालाही पोत असतो हे पटतं, तो खरखरीत असतो, दाणेदार असतो, तलमही असतो. हंगाम साधारण असला तर संस्था नऊ नावं बाजूला ठेवते आणि सगळा माल एकाच बाटलीत घालते. त्या वर्षी ती साधी बाटली डोळे मिटून घ्यावी.

पण इतका तुरटपणा हवाच कशाला, असा प्रश्न 1970 नंतरच्या तरुण पिढीने विचारलाच. वाडवडील रस आणि साली महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त एकत्र ठेवत, मग स्लाव्होनियातल्या ओकच्या प्रचंड जुन्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवत. कायद्यानेही बारोलोला किमान 38 महिने थांबावंच लागतं, त्यातले 18 लाकडात. बार्बारेस्कोला 26 महिने. एवढं करूनही गिऱ्हाइकाला आणखी दहा वर्षं थांबायला सांगायचं, आणि मोबदला काय, तर कर्ज. ला मोर्राचे एलिओ आल्तारे फ्रान्समधला वाइनचा प्रदेश बर्गंडी पाहून आले आणि 1983 मध्ये त्यांनी बापाची जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली. बापाने त्यांना वारसातून काढून टाकलं. आल्तारे आणि त्यांच्या मित्रांनी सालींचा सहवास काही दिवसांवर आणला, नव्या ओकची छोटी फ्रेंच पिंपं, म्हणजे बारिक, आणली, आणि बागेत घडांची विरळणी सुरू केली. कोवळे घड जमिनीवर टाकलेले पाहून म्हाताऱ्यांना ते पाप वाटलं. वाइन मात्र लवकर पिण्याजोगी, गडद, गोलसर झाली, अमेरिकेत गाजली, आणि टेकड्यांवर पैसा आला.

या नव्या वाइनमधल्या काही उत्तम होत्या. बऱ्याच वाइनमध्ये मात्र नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास गुलाबावर बसला. तुरटपणा गेला असंही नाही. द्राक्षाच्या जागी लाकडाचं टॅनिन आलं, आणि ते वयाबरोबर तसं विरघळत नाही. बारोलो गावातले बार्तोलो मास्कारेल्लो यांनी स्वतः चितारलेल्या एका लेबलावर ‘बारिक नको, बर्लुस्कोनी नको’ असं लिहून टाकलं (बर्लुस्कोनी म्हणजे इटलीतले तेव्हाचे बडे राजकारणी). त्यांनी एका बागेची एक बाटली ही फॅशनही नाकारली. कान्नूबी, सान लोरेंत्सो, रुए आणि रोक्के या चार बागांची द्राक्षं ते एकत्रच आंबवत, कारण जुन्या लोकांचा अनुभव असा की एका जमिनीच्या ताठपणाला दुसरीचा मऊपणा लागतो. त्यांच्या लेकीने, मारिया तेरेझा यांनी, हे तसंच चालू ठेवलं आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे. तरी एवढं मान्य करायला हवं की स्वच्छ तळघरं आणि विरळणी ही शिस्त आल्तारे-मंडळींनी आणली, आणि आज परंपरेचा झेंडा मिरवणाऱ्यांच्या वाइनही तिच्यामुळेच निर्दोष आहेत. मोठी पिंपं परत आली, घाण पिंपं परत आली नाहीत.

बार्बारेस्कोच्या आंजेलो गाया यांची कथा थोडी बाजूची. 1996 च्या हंगामापासून त्यांनी आपल्या तीन प्रसिद्ध बागांच्या बाटल्यांवरून बार्बारेस्को हे नावच काढलं आणि साधं ‘लांगे’ छापलं. त्या नावाखाली थोडी बार्बेरा मिसळायची मुभा होती. 2013 च्या हंगामापासून त्या बाटल्या शुद्ध नेब्बिओलो होऊन मूळ नावाकडे परतल्या. किमती दोन्ही वेळा तितक्याच उंच.

बार्बेराचं आणि नेब्बिओलोचं अगदी उलट आहे: रंग गडद, आंबटपणा भरपूर, टॅनिन जवळपास नाहीच. दोल्चेत्तो जांभळट, कमी आंबट, किंचित कडवट शेवटाची. लांगेतलं घर रोज पितं ते हेच. इटलीचे राष्ट्राध्यक्ष झालेले अर्थतज्ज्ञ लुईजी एनाऊदी हेही दोल्यानीचे दोल्चेत्तो पिकवणारे बागायतदार होते. बारोलो रविवारची, पाहुण्यांची. तीही जेवणाबरोबरच, कारण टॅनिनला बांधायला प्रथिनं आणि स्निग्धांश मिळाले की ते लाळेला सोडून देतं. बारोलोतच तासन्‌तास शिजवलेलं बैलाचं मांस, अंड्याच्या भरपूर पिवळ्या बलकाच्या तायारीन शेवया आणि वर लोणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांवर किसलेली आल्बाची पांढरी ट्रफल. मांस नको असेल त्याने मुरलेलं, ठिसूळ कास्तेलमान्यो चीज घ्यावं. तिखट मसाल्यांच्या जेवणाबरोबर मात्र ही वाइन मी उघडणार नाही. तिखट आणि टॅनिन एकमेकांना चिथावतात.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हवा तापली आहे. नेब्बिओलो आता बऱ्याच वर्षी लवकर पिकते, अल्कोहोल साडेचौदा टक्क्यांच्या पुढे जातो, आणि कच्च्या टॅनिनची ती जुनी भीती जवळजवळ उरलेली नाही. आल्तारेंनी करवत घेऊन जे मिळवलं ते उन्हाने आयतंच दिलं: बाजारात आलेली बारोलो लगेच पिता येते. पूर्वी दोल्चेत्तोला दिलेल्या गार, उंच उतारांवर नेब्बिओलो लावली जाते आहे, आणि उत्तरेकडच्या उतारांवर बारोलोला असलेली बंदी ठेवावी की उठवावी यावर वाद झडले आहेत. मोनफोर्तेच्याही वर, उंच लांगेत, बुडबुड्यांच्या वाइनसाठी शार्दोने आणि पिनो नेरोच्या बागा वाढताहेत. नव्या हंगामांतल्या काही बारोलो फार मोहक आहेत, पहिल्या घोटालाच खुलतात, आणि नेमकं तेच मला खटकतं. 1996 च्या सेर्रालुंगाने अजून दार पुरतं उघडलेलं नाही. 2017 चीला मात्र दारच नाही.