'अज्ञात' कोण?

धंतोलीतील एका लहानशा खोलीत आमचे विद्यार्थी जुनी नियतकालिके, जलशांच्या पुस्तिका, परिषदांची पत्रके स्कॅन करीत आहेत. ते काम सोपे. खरा प्रश्न उभा राहतो नोंद करताना. संगणकाच्या पडद्यावर रकाने येतात: शीर्षक, कर्ता, प्रकाशक, दिनांक, विषय. १९९५ साली अमेरिकेत ओहायोतील डब्लिन येथे ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ एकत्र बसले, त्यातून पुढे पंधरा घटकांचा 'डब्लिन कोअर' हा नमुना आला. त्यात एकही घटक सक्तीचा नाही. कोणताही घटक हवा तितक्या वेळा भरता येतो. सक्ती आणली ती आपण. 'कर्ता' रिकामा राहिला की आमची नोंद पुढे सरकत नाही, आणि मुले 'अज्ञात' लिहून मोकळी होतात.

माझा आक्षेप या 'अज्ञात'वर आहे. जलशाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा विक्रेत्याचेच नाव असते, साल नसतेच. पण शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. म्हणजे कर्ता अज्ञात नाही. नोंद करणाऱ्याने पुस्तिका शेवटपर्यंत वाचलेली नाही, एवढेच. मुखपृष्ठ पाहून नोंद करण्याची ग्रंथालयाची रीत ज्यांच्या पुस्तकांना नीट मुखपृष्ठे लाभली त्यांच्यासाठी ठीक आहे.

'मूकनायक'चा पेच याहून अवघड. ३१ जानेवारी १९२० रोजी तो निघाला तेव्हा संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. पत्रामागची प्रेरणा आणि लेखणी त्यांची. रकाना एकच ठेवला तर कोणाचे नाव लिहाल? भटकर लिहिले तर विचाराचा धनी हरवतो. नुसते आंबेडकर लिहिले तर छापील पुरावा पुसला जातो आणि एका कार्यकर्त्याचे श्रमही. माझ्या वडिलांना सही येत नव्हती. त्यांच्या कागदावर अंगठा त्यांचा असे, शेजारी नाव लिहिणारा दुसरा, आणि कोणाच्या हस्ते लिहिले तेही त्यावर असे. खेड्यातल्या कागदाला जे जमले ते संगणकाला का जमू नये? संपादक वेगळा, लेखक वेगळा, आणि कशाच्या आधारे लिहिले याची टीप.

'जनता' १९३० साली सुरू झाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत' झाले. दोन नोंदी एकमेकींना जोडल्या नाहीत तर विद्यार्थ्याला वाटेल, एक पत्र मेले, दुसरे जन्मले. हे लगेच सुधारता येईल.

'विषय' या रकान्यात मात्र नुसत्या दुरुस्तीने भागत नाही. वसंत मून यांचे 'वस्ती' १९९५ चे. २००१ साली गेल ऑम्वेट यांचा इंग्रजी अनुवाद आला, त्याच्या शीर्षकात 'वस्ती' नाही, 'अनटचेबल' आहे. त्यावरून नोंद झाली की ग्रंथ फक्त अस्पृश्यतेखाली सापडणार. त्यातला महारपुरा, कुस्त्यांचे आखाडे, समता सैनिक दल, म्हणजेच नागपूर, शोधणाऱ्याच्या हाती लागणार नाही. आमचीही चूक कमी नाही. आमचे काही उत्साही मित्र या रकान्यात 'क्रांतिकारी', 'तेजस्वी' असे शब्द भरतात. तो विषय नव्हे, ती आरती झाली.

गेल्या आठवड्यात चाळीस नोंदी मी परत पाठवल्या. मुले नाराज आहेत. पैकी अकरा पुस्तिकांत शाहिराचे नाव शेवटच्या कडव्यात सापडले. उरलेल्या अजून वाचायच्या आहेत.