क्षुरप्र व भल्ल : रघुवंशांतील मृगयेच्या बाणफलांचा विचार

रघुवंशाच्या नवव्या सर्गांतील दशरथाच्या मृगयेचें वर्णन शाळा-महाशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविलें जात आहे. तें शिकवितांना व त्याचें भाषांतर करितांना क्षुरप्र, भल्ल, पत्री, इषु, शल्य हे सर्व शब्द ‘तीक्ष्ण बाण’ या एकाच अर्थानें उरकून टाकण्याची चाल पडली आहे. कोणी शंका काढलीच, तर ‘वृत्तासाठीं कवीनें पर्याय योजिले’ असें उत्तर मिळतें. हें उत्तर प्रस्तुत लेखकास मान्य नाहीं. बाणाच्या अग्रीं बसविलेल्या लोखंडी पात्यास संस्कृतांत ‘फल’ म्हणतात. फलाच्या आकारावर बाणाचें कार्य अवलंबून असतें. आणि कालिदासानें जेथें फलाचें नांव घेतलें, तेथें तें जाणून घेतलें आहे, असें दाखविण्याचा येथें उद्देश आहे.

प्रथम वृत्ताची गोष्ट पाहूं. चमरी मृगांवरील श्लोकांत ‘भल्लवर्षी’ असें पद आहे. तेथें ‘बाणवर्षी’ घातलें तरी गुरुलघुक्रम तिळमात्र बदलत नाहीं. चौथ्या सर्गांत रघूनें पाश्चात्यांचीं दाढीवालीं मस्तकें उडविलीं, तेथेंही ‘भल्ल’ काढून ‘बाण’ घातल्यास छंद जसाच्या तसा राहतो. गेंड्यांच्या श्लोकांत ‘क्षुरप्रैः’ याच्या जागीं ‘पृषत्कैः’ हें सामान्य बाणवाचक पद बिनधोक बसतें. म्हणजे सामान्य शब्द हाताशीं असतांना कवीनें विशेष शब्द घेतला. वृत्ताची सबब येथें टिकत नाहीं.

मग विशेष कोणता? याचा शोध घेतांना अभ्यासक बहुधा शार्ङ्गधरपद्धतीकडे वळतात. १३६३ सालीं संकलित झालेल्या या ग्रंथांत धनुर्वेदाचें प्रकरण असून पीटर्सन यांनीं १८८८ मध्यें तो मुंबई संस्कृत मालेंत प्रसिद्ध केला. धनुर्वेदाच्या परंपरेंत आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक व काकतुंड अशीं फलांचीं नांवें येतात, आणि त्यांचीं कार्येंही वांटून दिलेलीं आढळतात : सूचीमुखानें कवच भेदावें, अर्धचंद्रानें मस्तक तोडावें, भल्लानें हृदय वेधावें, इत्यादि.

ही यादी मोलाची खरी, परंतु तीवर डोळे मिटून विसंबणें धोक्याचें आहे. एक तर ती रणांगणासाठीं रचिली आहे. हरिण कवच घालीत नाहीं आणि रानडुकराच्या हातीं धनुष्य नसतें; म्हणून मृगयेस कोणतें फल योग्य, हें ती सरळ सांगत नाहीं. दुसरें असें कीं, तिची कार्यविभागणी अतिशय नेटकी आहे. तेथें भल्लाकडे हृदयवेध दिला आहे. पण महाभारतांतील युद्धपर्वांत भल्लानें मस्तकें तोडल्याचीं वर्णनें पानोपानीं सांपडतात, व कालिदासही त्याच मार्गानें जातो. यादी प्रमाण मानून कवीस चुकलेला ठरविणें हा उलटा न्याय होय.

याऐवजीं फलाच्या क्रियेवरून विचार करावा. अरुंद टोंक रुततें, रुंद धार कापते. कॅलिफोर्नियांतील शस्त्रवैद्य सॅक्स्टन पोप यानें धनुष्यबाणाच्या शिकारीवर १९२३ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यानें कड्यांच्या चिलखतावर सुईसारख्या पोलादी टोंकाचा बाण सोडून पाहिला, व तो आंत घुसला. हरिणादि श्वापदांसाठीं मात्र त्यानें रुंद, धारदार पातींच वापरलीं; कारण बंदुकीच्या गोळीच्या आघाताप्रमाणें बाण मारीत नाहीं, तो रक्तवाहिन्या छेदून रक्तस्रावानें मारतो. धार बोथट असल्यास रक्त थोडें वाहतें व जखमी जनावर रानांत दूर जाऊन तळमळत मरतें. उलट पातें फार रुंद असल्यास तें खोल जाण्यास धनुष्यही तितकेंच जोरकस लागतें. फलाची निवड म्हणजे या दोहोंमधील तोल होय.

आतां आपल्या भाषेची साक्ष काढूं. क्षुरप्रापासून मराठींतील ‘खुरपें’ व भल्लापासून ‘भाला’ हे शब्द आले आहेत. खुरप्याच्या ठायीं टोंकापेक्षां धारेस महत्त्व. भाल्याच्या पात्यास मात्र टोंक आणि दोन्ही अंगांस धार असते. तें वेधतेंही व कापतेंही. भल्लफल याच जातीचें असावें असें अनुमान केल्यास धनुर्वेदाचा हृदयवेध व कालिदासाचा शिरच्छेद यांतील विरोध मावळतो.

या दृष्टीनें नववा सर्ग वाचावा. गेंड्यांना मारावयाचें नाहीं, त्यांचीं शिंगें उतरावयाचीं आहेत, म्हणून क्षुरप्र. चमरींचीं पुच्छें तोडावयाचीं, म्हणून भल्ल. चालून येणाऱ्या रानरेड्याच्या नेत्रांत सोडलेला बाण मात्र देह भेदून पलीकडे जातो. तेथें फलाचें नांव नाहीं. ‘पत्री’, म्हणजे पिसांचा, असा शब्द आहे, आणि वर्णनही पुंखास रक्त लागलें नाहीं असें आहे. या वर्णनांत अतिशयोक्ति आहे हें उघडच. पण अतिशयोक्तींतही शस्त्र चुकलेलें नाहीं.

सर्गाचा शेवट याहून विचारणीय आहे. शब्दाच्या रोखानें दशरथ जो बाण सोडतो, तो केवळ ‘इषु’ आहे. लक्ष्यच ठाऊक नाहीं, तेथें फलाची निवड कशाची? तोच बाण मुनिपुत्राच्या उरीं रुतल्यावर ‘शल्य’ होतो. हा वैद्यकाचा शब्द आहे. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायांत शराचे कर्णी व श्लक्ष्ण असे दोन भेद केले, ते मारण्यासाठीं नव्हेत, काढण्यासाठीं. आणि मनूनें (७·९०) युद्धांत कर्णी बाण निषिद्ध ठरविला. शल्य उपसतांच तो बालक प्राण सोडतो. धनुर्धराच्या परिभाषेंत सुरू झालेली मृगया जखमीच्या परिभाषेंत संपते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मृगया आपल्याकडे निषिद्ध झाली, हें योग्यच झालें. पण त्यामुळें या शब्दांचा अर्थ अनुभवानें कळण्याची वाटही बुजली. तो आतां ग्रंथांतच राखावयाचा आहे. सर्वत्र ‘तीक्ष्ण बाण’ असें लिहिणारा भाषांतरकार हा अर्थ पुसतो, आणि त्याबरोबर इषूचें शल्य होतांना कवीनें साधलेली करुणाही वाचकापासून हिरावून घेतो.