जुनं अक्षर आणि जुनं दिसणारं अक्षर

हल्ली वारसा म्हटला की बोर्डावर ठरावीक अक्षर येतं : हातानं काढल्यासारखं, एकजाड, मधेमधे रंग उडालेलं. रोमन लिपीत अशा तयार फॉन्टांचा सुकाळ आहे. देवनागरीत ते कमी, म्हणून एखादा साधा एकजाड फॉन्ट घेऊन त्यावर संगणकानं ओरखडे मारले जातात. दिसायला छानच दिसतं. माझी तक्रार वेगळी आहे.

मी इंजिनिअर माणूस. झीज म्हणजे माझ्या लेखी नोंद. आमच्या साखळीत नैर्ऋत्येचा पाऊस बोर्डाच्या ज्या बाजूला झोडपतो, त्या बाजूचा रंग आधी जातो. खिळ्याखाली गंजाचा ओघळ उतरतो. वरचा थर सुटला की खालून आधीच्या दुकानाचं नाव डोकावतं. या झिजेला जागा असते, दिशा असते, कारण असतं.

फॉन्टातली झीज मात्र जागेला नाही, अक्षराला चिकटलेली असते. ‘वाळवंटी’ हा आपल्या नदीचा शब्द टाइप करून बघा. दोन्ही ‘व’ना तोच ओरखडा, त्याच ठिकाणी. शिरोरेघेचं तर विचारूच नका. पेंटर ती सबंध शब्दावर एका ओढीत मारू शकतो. फॉन्टात प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं, त्यामुळे झिजलेल्या कडा सांध्यावर जुळत नाहीत. एकाच अक्षराची दोन-तीन रूपं आलटून पालटून वापरायची सोय फॉन्टात करता येते. पण देवनागरीत जोडाक्षरं इतकी की ते काम कितीतरी पट वाढतं.

मग हाताच्या अक्षराचा फॉन्ट करूच नये का? तसं नव्हे. कॅथरीन श्मिट यांचा ‘यात्रा वन’ बघा. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून तो घेतला आहे, आणि तो फुकट मिळतो. त्यात खोटा गंज नाही. पेंटरच्या ब्रशाचा कल आणि अक्षराची बांधणी तेवढी उचलली आहे, आणि सोबतच्या रोमन अक्षरांनाही देवनागरीचा तोच कल दिला आहे. हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं फॉन्टात आणली, तेव्हा ‘पेंटर कफील’सारखी त्यांची नावंही फॉन्टाला दिली. दोघांनीही हात जपला, वय रंगवलं नाही.

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. आपल्या गावाचं नाव कुठे ‘साखळी’ दिसतं, कुठे ‘सांखळी’, आणि रोमनमध्ये शेवटी ‘एम’ लावलेलं पोर्तुगीज वळणाचं. कुठलं रूप कधी आणि कुणी लिहिलं, याला जुना बोर्ड हा एक साक्षीदार आहे. काल छापलेला फ्लेक्स पन्नास वर्षांचा दिसू लागला, तर उद्या त्याचा फोटो बघणारा अभ्यासक फसणार. त्याहून वाईट म्हणजे ‘जुना लुक’ विकत मिळतो म्हटल्यावर खरा बोर्ड खरवडून काढताना कुणाचा हात थांबत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वारशाच्या नव्या फलकावर स्वच्छ, वाचता येणारं अक्षर घाला आणि कोपऱ्यात साल लिहा. आणि तुमच्या वाड्यावरचा रंगवलेला बोर्ड उतरायच्या आधी त्याचा समोरून एक फोटो घ्या, मोजपट्टी धरून, तारखेसकट. पेंटरचं नाव कोपऱ्यात असेल तर तेही टिपा. अक्षराला म्हातारं व्हायचंच असेल, तर ते आपल्या पावसात होऊ द्या.