विटाळाचे शब्द आणि सोसणारीची वेदना

मासिक पाळीसंबंधी मराठीने शब्द पुष्कळ घडविले: विटाळ, बाहेर बसणे, कावळा शिवणे. परंतु हे सारे इतरांनी पाळावयाच्या अंतराचे शब्द आहेत. सोसणारीच्या वेदनेचा त्यांत मागमूस नाही. चौदाव्या शतकात सोयराबाईंनी, देहच विटाळातून जन्मतो तर पवित्र राहिले कोण, असा रोकडा प्रश्न केला. तो मोलाचाच, तथापि त्याचाही रोख शुद्धाशुद्धतेवर आहे. पाळीपूर्वीच्या आठवड्यातील स्तनांची ठणक, डोकेदुखी, अकारण दाटून येणारे रडू यांची दखल आमच्या वाचनात क्वचितच आली. १९३१ साली रॉबर्ट फ्रँक यांनी 'पाळीपूर्व तणाव' म्हणून या अवस्थेचे वैद्यकीय वर्णन केले. तिच्या तीव्र रूपाला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या विकारसूचीत स्वतंत्र निदानाचे स्थान मिळावयास २०१३ साल उजाडले. आमच्या कथाकारांनी असले रडू 'त्रागा' म्हणून रंगविले, आणि आम्ही टीकाकारांनी ते उत्तम स्वभावचित्रण ठरवून त्याला गुण दिले. (गुण देण्याची आम्हां शिक्षकांना सवयच!) शाळेतील मुलींच्या रजेच्या अर्जांत वर्षानुवर्षे 'पोटदुखी' एवढाच शब्द आम्ही वाचीत आलो. त्याखाली मुकाट्याने सही करतो. दुसरा शब्द आम्ही त्यांना शिकविला तरी कोठे?