लंपनच्या कथा : सुट्या कथांतून वाढणारा मुलगा

प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या संग्रहांत भेटतो. आईवडील असूनही तो आजी-आजोबांकडे वाढतो; हा दुरावा त्याला सलत राहतो. कादंबरी अशा दुःखाची सलग कारणमीमांसा करू शकते. येथे प्रत्येक कथा स्वतंत्र आहे. दोन कथांमधला काळ रिकामा राहतो आणि त्या रिकामेपणात मुलाचे एकटेपण जाणवते.

टॉलस्टॉयच्या त्रयीत (१८५२–५७) प्रौढ निवेदक बालपणाचे परीक्षण करतो. लंपन मुलाच्याच कानडी वळणाच्या मराठीत बोलतो. सर्जापूर रोडवर दोन्ही भाषा ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला ती परकी वाटू नये.

संत २००३ मध्ये गेले; लंपन प्रौढ झालाच नाही. हे अपुरेपण दोष नव्हे. दुःखाचा निकाल लावणारा मोठा माणूस या कथांत नाही, म्हणूनच त्या खऱ्या वाटतात.